डेक्सॅनाबिनॉलचं प्रकरण: उंदरांचा मेंदू सावरला, माणसांचा का नाही?

१५ देशांतली ८६ रुग्णालयं आणि ८६१ रुग्ण. सगळ्यांच्या डोक्याला जबर मार लागलेला. मार लागल्यापासून सहा तासांच्या आत त्यांतल्या साधारण निम्म्यांना शिरेतून डेक्सॅनाबिनॉल नावाचं औषध दिलं गेलं, उरलेल्यांना प्लासिबो, म्हणजे औषधासारखंच दिसणारं पण औषध नसलेलं द्रावण. कुणाला काय मिळालं हे ना रुग्णाच्या घरच्यांना माहीत होतं, ना उपचार करणाऱ्या डॉक्टरांना. सहा महिन्यांनी हिशेब मांडला, तेव्हा औषध मिळालेल्या गटात ५० टक्के लोकांची स्थिती वाईट निघाली आणि न मिळालेल्या गटात ५१ टक्के लोकांची. संख्याशास्त्राच्या नजरेतून हा फरक शून्यच.

रॉटरडॅमचे न्यूरोसर्जन अँड्र्यू मास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा निकाल जानेवारी २००६ मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त छापला. गांजाच्या अभ्यासातून निघालेला एखादा रेणू जखमी मेंदूला वाचवतो का, हे माणसांवर तपासणारी एवढी मोठी चाचणी त्याआधी झाली नव्हती आणि नंतरही झालेली नाही. तरीही 'गांजाने मेंदू वाचतो, हे विज्ञानाने सिद्ध केलंय' असे मेसेज फिरतच असतात, आणि त्यांत या ८६१ रुग्णांचा उल्लेख मला कधी दिसत नाही. म्हणून हे प्रकरण मुळापासून सांगावंसं वाटलं. यात खलनायक कुणी नाही. चांगल्या शास्त्रज्ञांनी काळजीपूर्वक केलेलं काम आहे, आणि तरी ते रुग्णाच्या खाटेपाशी येऊन अडलं.

रेणू कुठून आला

अफूतून मॉर्फिन आणि कोकाच्या पानांतून कोकेन एकोणिसाव्या शतकातच वेगळं काढलं गेलं होतं. गांजाचं तसं झालं नव्हतं. खरं तर कलकत्त्यात विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ च्या सुमारास गांजाचा अर्क धनुर्वातावर आणि झटक्यांवर वापरून पाहिला होता आणि तिथून तो युरोपच्या औषधशास्त्रात पोहोचला होता. पण त्यातलं नेमकं कोणतं रसायन काम करतं, हे पुढची सव्वाशे वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं.

हे कोडं राफाएल मेशुलम यांनी हाती घेतलं. जन्म १९३०, बल्गेरियातल्या सोफियाचा. १९४९ साली कुटुंब इस्राएलला आलं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला रेहोवोतच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये काम करताना त्यांनी पोलिसांकडून जप्तीतलं पाच किलो लेबनानी चरस मिळवलं आणि चक्क बसमधून प्रयोगशाळेत आणलं. १९६४ साली येहिएल गाओनी यांच्यासोबत त्यांनी त्यातून टीएचसी शुद्ध स्वरूपात वेगळं करून त्याची रचना मांडली. नशा आणणारा मुख्य घटक तोच.

पुढे जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात मेशुलम यांच्या गटाने टीएचसीसारखे अनेक कृत्रिम रेणू बनवले. त्यांतली एक जोडी म्हणजे एचयू-२१० आणि एचयू-२११. दोन्हींत अणू तेच, जोडणीही तीच, फक्त डाव्या आणि उजव्या हातमोज्यासारखी एकमेकांची आरशातली प्रतिमा. एचयू-२१० टीएचसीच्या शंभरपट किंवा त्याहूनही जास्त प्रभावी. एचयू-२११ ची मात्र नशा अजिबात नाही. त्याचंच पुढचं नाव डेक्सॅनाबिनॉल.

आता इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण बातम्यांमध्ये ती हमखास निसटते. डेक्सॅनाबिनॉल गांजाच्या झाडात सापडत नाही. गांजा मेंदूतल्या ज्या सीबी-१ रिसेप्टरवर (पेशीवरच्या, ठरावीक रेणूच धरणाऱ्या जागेवर) काम करतो, त्याला ते धरतही नाही. १९८९ साली मेशुलम आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ते एनएमडीए नावाच्या भलत्याच रिसेप्टरला अडवतं. म्हणजे घराणं गांजाचं, पण काम निराळं. त्यामुळे हे औषध यशस्वी ठरलं असतं, तरी 'गांजा गुणकारी' असं सिद्ध झालं नसतं.

मार लागल्यानंतरचे तास

डोकं रस्त्यावर आपटतं तेव्हा काही पेशी त्या क्षणीच मरतात. त्यांच्यासाठी कुठलंच औषध नाही. पण नुकसान तिथे थांबत नाही. फाटलेल्या पेशींतून ग्लुटामेट बाहेर सांडतं. एरवी हाच पदार्थ पेशींमधला निरोप्या असतो, पण इतक्या प्रमाणात आला की शेजारच्या पेशींचे एनएमडीए रिसेप्टर सताड उघडे राहतात आणि कॅल्शियम आत घुसतं. पेशीतली पाचक एन्झाइम्स जागी होतात, घातक ऑक्सिजन-रेणू तयार होतात आणि टीएनएफसारखे दाह वाढवणारे पदार्थ सुटतात. मेंदूला सूज येते. कवटी हाडाची, तिला ताणता येत नाही. आतला दाब वाढला की रक्त आत येणं कमी होतं आणि वाचलेल्या पेशीही गुदमरायला लागतात.

न्यूरोसर्जन या दुसऱ्या टप्प्यालाच धास्तावलेले असतात. अपघातानंतर बोलत असलेला माणूस चार तासांनी बेशुद्ध होतो, यामागे बहुतेकदा साकळलेलं रक्त किंवा ही सूज असते. आणि औषधाला काही वाव असेल तर तो याच टप्प्यात. ग्लुटामेटला वेळीच अडवलं तर पुढची साखळी तुटेल, ही कल्पना तर्काला धरून होती. १९८०-९० च्या दशकात जगभरच्या कंपन्या अशा औषधांच्या मागे होत्या. अडचण अशी होती की एनएमडीए अडवणारी बहुतेक औषधं भास निर्माण करायची, रुग्णाला भ्रमात टाकायची. डेक्सॅनाबिनॉलचा तो त्रास कमी होता, शिवाय ते घातक ऑक्सिजन-रेणू शोषून घ्यायचं आणि टीएनएफही कमी करायचं. एकाच रेणूत तीन कामं. अशा रेणूवर शास्त्रज्ञांनी आशा लावली याचं मला मुळीच नवल वाटत नाही.

जेरुसलेममधले उंदीर

हिब्रू विद्यापीठातल्याच एस्तेर शोहामी यांच्याकडे डोक्याच्या दुखापतीचा प्रयोग नीट बसवलेला होता. उंदराला भूल द्यायची, डोक्यावरची त्वचा बाजूला करायची आणि ठरलेल्या उंचीवरून ठरलेलं वजन कवटीच्या ठरलेल्या जागी पडू द्यायचं. तासाभराने उंदीर शुद्धीवर आला की त्याची परीक्षा: आखलेल्या वर्तुळातून बाहेर पडतो का, उताणा ठेवला तर सरळ होतो का, अरुंद पट्टीवरून चालतो का, एका बाजूचे पाय लुळे पडलेत का, आजूबाजूचा वास घेत हिंडतो का. जे जमलं नाही त्याला गुण. गुण जितके जास्त, तितकी इजा गंभीर.

१९९३ साली शोहामी, मेशुलम आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की दुखापतीनंतर एचयू-२११ दिलेल्या उंदरांच्या मेंदूला सूज कमी आली, रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा कमी फाटला आणि त्यांची हालचाल लवकर सुधारली. पुढच्या अभ्यासांत स्मरणशक्तीतही फायदा दिसला. काम प्रामाणिक होतं आणि अनेकदा तपासलेलंही होतं.

पण या प्रयोगाची मांडणी पुन्हा एकदा वाचा. सगळे उंदीर एका जातीचे, एका वजनाचे, निरोगी. प्रत्येकाला मार एकाच जागी. मार किती वाजता लागला हे मिनिटासकट वहीत नोंदलेलं, सिरिंज आधीच भरलेली. आणि उंदराच्या शरीरात दुसरी इजा नाही. मोडलेली मांडी नाही, पोटात रक्तस्राव नाही, पोटात दारू नाही.

६७ रुग्ण आणि एक आशादायक आलेख

औषध माणसांपर्यंत नेण्याचं काम फार्मोस या कंपनीने घेतलं. निरोगी स्वयंसेवकांवरच्या चाचणीत ते सुरक्षित निघालं. दुसरा टप्पा इस्राएलच्या न्यूरोट्रॉमा केंद्रांमध्ये झाला आणि २००२ साली प्रसिद्ध झाला. रुग्ण ६७, वय १६ ते ६५. ग्लासगो कोमा स्केलवर गुण ४ ते ८, म्हणजे गंभीर गट. (या मापावर शुद्धीतला माणूस १५ वर असतो, आणि ३ च्या खाली मोजमाप जात नाही.) दुखापतीनंतर सहा तासांच्या आत ४८ किंवा १५० मिलिग्रॅमचा एकच डोस.

कवटीतला दाब पाऱ्याच्या २५ मिलिमीटरच्या वर राहण्याचा काळ औषध मिळालेल्यांत कमी भरला. मेंदूला रक्त पोहोचवणारा दाब धोक्याच्या रेषेखाली जाण्याचा काळही कमी. रुग्ण लवकर सावरत असल्याचा कलही दिसला, पण तो कलच. ६७ जणांत त्याहून पक्कं काही म्हणता येत नाही, आणि लेखकांनी तसं म्हटलंही नाही.

आयसीयूत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, मॉनिटरवरचा दाब १८ वर स्थिर झाला की रात्रपाळीच्या सगळ्यांना हायसं वाटतं. तो आकडा महत्त्वाचा आहेच. पण आकडा सुधारला म्हणून रुग्ण सहा महिन्यांनी स्वतःच्या हाताने जेवेल, असं नाही. दाब ही मधली पायरी आहे. दुसऱ्या टप्प्यात फायदा ठळक दिसला तो या मधल्या पायरीवर, आणि तिसऱ्या टप्प्यातला प्रश्न होता शेवटच्या पायरीचा. या प्रकरणातला सगळ्यात नाजूक सांधा मला हाच वाटतो.

तिसरा टप्पा

सुरुवातीला सांगितलेली ८६१ रुग्णांची चाचणी म्हणजेच हा तिसरा टप्पा. तिची आखणी मात्र त्या काळातल्या उत्तम चाचण्यांपैकी होती. सहा महिन्यांनी रुग्ण कुठल्या अवस्थेत आहे, हे विस्तारित ग्लासगो आउटकम स्केलवर ठरवायचं होतं. या मापाच्या आठ पायऱ्या: एकीकडे मृत्यू, मध्ये कायमचं परावलंबन, दुसऱ्या टोकाला पूर्ववत आयुष्य. 'चांगलं' आणि 'वाईट' यांतली रेघ सगळ्यांना एकाच जागी ओढली असती तर अन्याय झाला असता. साठ वर्षांचा, आल्यापासूनच अत्यवस्थ असलेला रुग्ण नुसता जगला आणि आधाराने का होईना उठूबसू लागला, तरी ते यशच. आणि वीस वर्षांचा, तुलनेने हलकी इजा असलेला मुलगा तेवढाच सुधारला तर ते अपयश. म्हणून आल्या वेळच्या स्थितीवरून प्रत्येकाची अपेक्षा ठरवली आणि त्यानुसार रेघ सरकती ठेवली. 'तो पुन्हा कामावर जाईल का?' असं विचारणाऱ्या आईला उत्तर देताना अनुभवी डॉक्टर मनातल्या मनात हेच करत असतो.

विश्लेषणात ८४६ रुग्ण घेतले गेले. औषधाच्या आणि प्लासिबोच्या परिणामांचं गुणोत्तर १.०४ आलं. १ म्हणजे काहीच फरक नाही. अनिश्चिततेची कक्षा ०.७९ ते १.३६, म्हणजे १ च्या दोन्ही बाजूंना पसरलेली. दुसऱ्या टप्प्यात दाबावर दिसलेला फायदाही इथे दिसला नाही. कुठल्या उपगटात तरी औषध चाललं का, तेही पाहिलं. नाही. यकृत, मूत्रपिंड आणि हृदयाला अपाय झाला नाही. औषध सुरक्षित आहे पण उपयोगी नाही, असा निष्कर्ष त्यांनी सरळ लिहून टाकला.

पहिली बातमी डिसेंबर २००४ मध्येच बाहेर आली होती आणि कंपनीचा शेअर कोसळला. मला जास्त मोलाचं वाटतं ते त्यानंतरचं पाऊल: इतकं नामुष्कीचं उत्तर पूर्ण आकड्यांसकट मोठ्या नियतकालिकात छापलं गेलं. त्या ८६१ जणांपैकी कुणीही स्वतः संमती द्यायच्या अवस्थेत नव्हतं. त्यांच्या शरीरावर शिकलेलं ज्ञान दडवलं गेलं नाही, हे त्यांचं देणं होतं आणि ते चुकतं झालं.

अडलं कुठे

सगळ्यात बोलकं उत्तर औषध घडवणाऱ्यांच्याच प्रयोगशाळेतून आलं. डेक्सॅनाबिनॉलच्या दुसऱ्या टप्प्यातल्या संशोधक आनात बिगॉन आणि शोहामी यांनी सहकाऱ्यांसह २००४ साली उंदरांमधले एनएमडीए रिसेप्टर वेळेनुसार मोजले. दुखापतीनंतर ते अतिउत्तेजित होतात हे खरं, पण तासाभराच्या आतच. त्यानंतर उलट होतं: त्यांचं काम मंदावतं आणि निदान आठवडाभर मंदच राहतं. एवढंच नव्हे, दुखापतीनंतर २४ तासांनी आणि पुन्हा ४८ तासांनी या रिसेप्टरांना *उत्तेजन* दिलं, तर उंदीर जास्त चांगले सावरले.

हे माणसांना तंतोतंत लागू होत असेल, तर सहा तासांची मुदत फार उशिराची होती. अपघात होतो, कुणीतरी गाडी थांबवतं, ॲम्ब्युलन्स येते, जवळच्या रुग्णालयात पहिले उपचार होतात, तिथून मोठ्या रुग्णालयात हलवलं जातं, सीटी स्कॅन होतो, नातेवाईक सापडतात, संमती मिळते, मग औषध. पहिल्या तासात हे सगळं कुठल्याही देशात होत नाही. ज्या दाराला कुलूप लावायचं, ते तोवर आपोआप बंद झालेलं असतं आणि पेशींना खरं तर ते उघडं हवं असतं. मात्र याने सगळं उलगडतं असं मी म्हणणार नाही. डेक्सॅनाबिनॉल फक्त एनएमडीए अडवत नव्हतं, आणि दाह कमी करण्याचं त्याचं काम सहा तासांनंतरही उपयोगी पडायला हवं होतं.

दुसरं कारण रुग्णांमधली विविधता. 'डोक्याला गंभीर मार' या एका नावाखाली कवटी आणि मेंदूच्या मध्ये साकळलेलं रक्त येतं, मेंदूच्या तंतूंना बसलेला पीळ येतो, आत झालेला रक्तस्राव येतो. शोहामींच्या उंदरांत एकच इजा होती. एका औषधाने या सगळ्यांवर चालावं, ही अपेक्षाच मोठी होती.

आणि डेक्सॅनाबिनॉल या वाटेवर एकटं नव्हतं. स्टिरॉइड्स कित्येक वर्षं सर्रास दिली जात. १०,००८ रुग्णांच्या क्रॅश चाचणीने २००४ साली दाखवलं की स्टिरॉइड्समुळे दोन आठवड्यांतले मृत्यू सुमारे १८ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर जातात. प्राण्यांत उत्तम ठरलेलं प्रोजेस्टेरॉन २०१४ साली दोन मोठ्या चाचण्यांत निष्फळ ठरलं. मास पुढे ज्या कामांत पुढाकार घेताना दिसतात, ती याच अनुभवाच्या दिशेची आहेत: हजारो रुग्णांची नोंद ठेवून, कुठली इजा कशी पुढे सरकते, हे आधी समजून घ्यायचं. युरोपातल्या सेंटर-टीबीआय या अभ्यासात अशा साडेचार हजारांवर रुग्णांचा तपशील गोळा झाला.

मग झाडातल्या रसायनांचं काय?

१९९८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या एडन हॅम्पसन आणि नोबेल विजेते ज्युलियस ॲक्सेलरॉड यांच्या गटाने दाखवलं की बशीत वाढवलेल्या उंदराच्या मेंदूपेशींना सीबीडी (गांजातलाच, पण नशा न आणणारा घटक) आणि टीएचसी ग्लुटामेटच्या विषापासून वाचवतात, आणि सीबीडी यात क आणि ई जीवनसत्त्वांपेक्षा सरस आहे. यावरच २००३ साली अमेरिकी सरकारच्या नावे पेटंट मिळालं. फिरणाऱ्या मेसेजमध्ये ज्या पेटंटचा दाखला असतो, ते हेच. पेटंट मिळतं ते कल्पनेच्या नवेपणाला. रुग्ण बरे होतात याचा पुरावा त्यासाठी लागत नाही.

२००१ साली 'नेचर'मध्ये जेरुसलेमच्याच गटाने त्याहून विलक्षण गोष्ट मांडली. मार लागल्यावर उंदराचा मेंदू स्वतःच २-एजी हा गांजासारखा पदार्थ जास्त बनवू लागतो, आणि तो बाहेरून दिला तर सूज कमी होते. सीबी-१ अडवला की हा फायदा घटतो. या मार्गावरचा एक कृत्रिम रेणू, केएन३८-७२७१, ९७ रुग्णांवर तपासला गेला आणि २०१२ साली निकाल आला: पहिल्या महिन्यात औषध मिळालेले जास्त जगले, सहा महिन्यांनी तो फरक उरला नाही.

२०१४ सालचा कॅलिफोर्नियातला एक अभ्यासही खूप सांगितला जातो. डोक्याला मार लागलेल्या ४४६ जणांत, लघवीत टीएचसी सापडलेल्यांपैकी २.४ टक्के दगावले, न सापडलेल्यांपैकी ११.५ टक्के. आकडा लक्ष वेधून घेणारा आहे. पण लघवीतलं टीएचसी कित्येक दिवस टिकतं. त्या माणसाने कधी आणि किती घेतलं होतं हे त्यातून कळत नाही. आणि दुखापतीनंतर उपचार म्हणून ते कुणालाच दिलेलं नव्हतं.

आयसीयूबाहेरचा प्रश्न

आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा आणि चरस येतात, नुसती पानं येत नाहीत. त्यामुळे आयुष परवान्याखाली विजयेच्या, म्हणजे गांजाच्याच झाडाच्या, पानांचे अर्क आणि तेलं ऑनलाइन सहज मिळतात. मुलगा बाइकवरून पडून बेशुद्ध आहे, डॉक्टर म्हणतात 'वाट बघू या', आणि एखादा नातेवाईक मोबाइलवरचा मेसेज दाखवत विचारतो, 'हे तेल जिभेखाली दिलं तर?' ही तळमळ मला कळते. काहीच न करता बाहेरच्या बाकावर बसून राहणं फार कठीण असतं.

म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. सीबीडीला ठोस पुराव्यावर मान्यता मिळाली आहे ती लहान मुलांच्या दुर्मीळ, गंभीर फिट्सवर. अमेरिकेत २०१८ साली, शुद्ध आणि मोजलेल्या मात्रेत. ताज्या डोक्याच्या दुखापतीवर अशी मान्यता नाही. उलट धोके ठाऊक आहेत. दुखापतीनंतर फिट येऊ नये म्हणून अनेकांना औषधं चालू असतात. त्यांत व्हॅलप्रोएट असेल तर सीबीडीमुळे यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात, क्लोबाझाम असेल तर गुंगी वाढते. आणि या रुग्णात गुंगी हेच सगळ्यात महत्त्वाचं लक्षण असतं. दर तासाला नर्स डोळ्यांत टॉर्च मारते, 'हात वर करा' म्हणते, ते आत दाब वाढतोय का हे ओळखण्यासाठी. तेलाने आलेली झोप आणि वाढत्या सुजेने आलेली झोप बाहेरून सारखीच दिसते. कुणी आधीच काही दिलं असेल, तर ते ड्यूटीवरच्या डॉक्टरला लगेच सांगावं: कुठलं तेल, किती थेंब, किती वाजता. कुणी रागावेल म्हणून ते लपवू नये. पुढचा सीटी स्कॅन लगेच करायचा की सकाळी, हा निर्णय त्या माहितीवरही ठरू शकतो.